जपानी पापड

गोळपच्या आठल्यांकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. अशा घरातला एकुलता एक मुलगा, उन्मेष, रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या कारखान्यात चिकटला, आणि घरी त्याने सांगितलं की आपण बर्फाच्या कारखान्यात लागलो. ही १९९८ सालची, दिवाळीनंतरची गोष्ट.

तसं पाहिलं तर ते अगदीच खोटं नव्हतं. शेठचा बर्फाचा कारखाना त्याच आवारात होता. फाटक एकच होतं, आणि मासळीवर पडणारा बर्फ तिथूनच यायचा. उन्मेष फाटकातून आत गेल्यावर डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळायचा, एवढाच काय तो फरक, असं तो पहिले काही महिने स्वतःला समजावत होता.

मुलगा लबाड नव्हता, अडकलेला होता. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला तेव्हा त्याच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली, उरलेली मुंबईला. यालाही जायचं होतं. पण वडिलांचे, अण्णांचे, गुडघे गेलेले, आंब्याची कलमं उतारावर, आणि फवारणीला माणूस मिळायचा तर तो देखरेखीशिवाय अर्ध्या झाडांना नुसतं पाणी मारून मोकळा व्हायचा. अण्णांनी त्याला थांब म्हटलं नाही. "जायचं तर जा हो, बागेचं मी बघेन," एवढंच म्हणाले, आणि बोलता बोलता भिंतीला धरून उठले. ते उठणं बघितल्यावर जाणार कोण? मग रत्नागिरीत राहून त्याच्या शिक्षणाला जी एकच जागा मिळण्यासारखी होती, ती मासळीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती.

अण्णा आठल्ये हा माणूस तसा कोणाच्या ताटात डोकावणारा नव्हता. पण एसटी भाट्याच्या पुलाजवळ आली, की तिथे सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने त्यांचं उपरणं आपोआप नाकाला जायचं. गाडीत मासळीची पाटी चढली तर ते निमूट उठून पुढे ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून उभे राहायचे, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गोळपपर्यंत तसेच यायचे. पाटीवालीला कधी उणं बोलले नाहीत. त्यांना ते अमृत असेल, माझ्या पोटात ढवळतं, त्याला मी काय करू, असं म्हणायचे. उन्मेषच्या पोटातही ढवळायचं, ते अण्णांकडूनच आलेलं होतं.

आणि गंमत अशी, की त्या ढवळण्यावरच त्याची नोकरी चालली. कारखान्यात आलेल्या प्रत्येक मालातली थोडी कोळंबी मीठ न घालता उकडायची, तिचा वास घ्यायचा, चावून बघायची, आणि मग ठरवायचं की माल परदेशी जाण्याजोगा आहे की नाही. हे काम तोवर मिऱ्याचा भागोजी करत असे. भागोजीचा जन्म होडीच्या सावलीत झालेला, त्याला मासळीला मासळीचा वास येणं यात काहीच वावगं वाटत नसे. उन्मेष पहिल्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढताच मागच्या गटाराकडे धावला आणि सकाळचा चहा ओकून आला. पण आठवड्याभरात असं दिसलं, की जो माल भागोजी चांगला म्हणतो त्यातल्या काहीतून याला एक वेगळीच, बाटलीतल्या औषधासारखी झाक येते, आणि दुसऱ्या दिवशी तो माल खरोखरच उतरलेला निघतो. शेठने कौतुकाने त्याची पाठ थोपटली. त्यानंतर उपाहारगृहात हुकूम सुटला की आठल्येला मासे वाढायचे नाहीत, त्याचं नाक बिघडेल. सगळ्या कारखान्यात मासळीची किळस जपून ठेवायचा पगार घेणारा हा एकटाच माणूस होता.

घरी यायच्या आधी तो कारखान्यातच आंघोळ करायचा. साबण लावायचा, लिंबाच्या साली चोळायचा, डब्याच्या पिशवीत जपून ठेवलेला दुसरा शर्ट घालायचा. तरी वास तो वासच. बायकोला, अपूर्वाला, पहिल्याच आठवड्यात कळलं. ती देवरुखची, तोंडाने कमी आणि कामाने जास्त बोलणारी. तिने मागीलदारी एक वेगळी बादली ठेवली आणि त्याचे कपडे त्यात भिजवू लागली. सासूने विचारलं तेव्हा, बर्फाच्या यंत्राचं तेल लागतं, असं सांगितलं. उन्मेषला मात्र तिने बजावलं, की मला वासाचं काही नाही, पण अण्णांना तुम्ही सांगा, माझ्या तोंडून वदवू नका.

तो सांगणारच होता. गणपतीनंतर सांगू म्हणाला, मग आंबा उतरल्यावर सांगू म्हणाला. एका संध्याकाळी पडवीत झोपाळ्यावर तो अण्णांच्या शेजारी टेकला. अण्णांनी झोपाळा पायाने थांबवला आणि समोर अंगणाकडे बघत विचारलं, "बर्फाला कसला रे वास?"

"अमोनिया, अण्णा. यंत्रात असतो."

"असेल," अण्णा म्हणाले, आणि झोपाळा पुन्हा सुरू केला. सांगायची वेळ आली होती ती अशी गेली. उन्मेषला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

मग इशिदासाहेब आला. हा कारखान्याचा जपानी गिऱ्हाईक, लहानखुरा, नम्र, प्रत्येक वाक्याला कमरेत वाकणारा. २००१ च्या एप्रिलात तो माल बघायला आला असताना त्याने शेठजवळ आंब्याची बाग बघायची इच्छा बोलून दाखवली. शेठला काय, त्याने बोट केलं उन्मेषकडे. याच्या घरी बाग आहे, घरचं शुद्ध जेवण आहे, घेऊन जा. उन्मेषला नाही म्हणायची सोय नव्हती. वाटेत त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाहुण्याला विनवून सांगितलं, की घरी बर्फाचंच बोलू या, वडील मासे खात नाहीत, त्यांना दुसरं ऐकवत नाही. इशिदासाहेबाने मान डोलावली. त्याला किती कळलं ते त्यालाच ठाऊक.

अण्णांना मात्र कोण आनंद झाला. परदेशचा पाहुणा आपल्या कलमांखाली उभा राहून वाकून नमस्कार करतोय, हे त्यांनी आयुष्यात कल्पिलं नव्हतं. उन्मेषच्या आईने, कमलाबाईंनी, केळीची पानं मांडली. त्यांचा स्वतःचा सोमवार होता, पण स्वयंपाकात कुठे हात आखडला नाही. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, वरणभातावर कढवलेलं तूप, ताक, आणि योगायोगाने गाय नुकतीच व्याली होती म्हणून वेलदोडा घालून केलेला खरवस. पाहुणा भाजीपर्यंत ठीक होता. तुपाचा वास नाकात गेला तसा त्याचा श्वास थांबला. हिंगाच्या फोडणीचं ताक त्याने औषधासारखं डोळे मिटून घेतलं. खरवस त्याला आवडला, निदान पहिला घास तरी. मग त्याने विचारलं हे काय, आणि अण्णांनी कौतुकाने उन्मेषला सगळं नीट समजावून सांगायला लावलं. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, जाड, पिवळं, वासराच्या वाटणीतलं थोडं काढून घेतलेलं. इशिदासाहेबाने चमचा अलगद पानाच्या कडेला ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

अण्णा गालातल्या गालात हसले. "कच्चा मासा गिळतात म्हणे ही माणसं," ते कमलाबाईंना म्हणाले, "आणि खरवसाला भितात."

हात धुतल्यावर पाहुण्याने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला, दोन्ही हातांनी अण्णांच्या पुढे धरला आणि वाकला. डब्यावर उडता बगळा आणि जपानी अक्षरं, दुसरं काही नाही. आठल्यांच्या घरचा रिवाज असा की नवीन वस्तू आली, मग ती कोणाकडूनही येवो, आधी देवापुढे जायची. कमलाबाईंनी डबा देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अण्णांनी झाकण उघडून पाणी फिरवलं आणि नैवेद्य दाखवला. झाकण उघडलं त्या क्षणी उन्मेष, दोन हात अंतरावर उभा असलेला, जागच्या जागी गार पडला. शेठचं ते लाडकं नाक. त्याला सोड्यांचा वास आला. सुकवलेल्या कोळंबीचा, भाजलेला, गोडसर, दुसऱ्या कोणाला कळणार नाही इतका बारीक.

आत गोल, पातळ, गुलाबी झाक असलेले पापड होते. जपानी माणसाच्या लेखी तो तांदळाचा पापड. त्यात कोळंबीची पूड आहे म्हणून तो काही मासा होत नव्हता, जसा आपल्या लेखी खरवस म्हणजे काही गाईचं बाळंतपण होत नाही. अण्णांनी प्रसाद म्हणून एक उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

उन्मेषचं तोंड उघडलं होतं, हे अपूर्वाने पाहिलं. त्यातून शब्द मात्र आला नाही. बोलायचं तर हा वास आपल्याला कसा ओळखता आला, हे सांगावं लागलं असतं. पाहुणा समोर हसत उभा होता, देवाला नैवेद्य दाखवून झाला होता, आणि घास अण्णांच्या घशाखाली उतरला होता. त्याला हे सगळं एकदम सुचलं आणि म्हणून काहीच सुचलं नाही.

"मिरगुंडासारखं लागतं," अण्णा म्हणाले. "पण काहीतरी आहे हो त्यात. फार छान काहीतरी." आणि त्यांनी दुसरा उचलला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याने अपूर्वाला सांगितलं. ती कळशी खाली ठेवून कठड्यावर बसलीच. आता तरी सांगा, म्हणाली. तो म्हणाला, आता तर मुळीच सांगता येणार नाही. काल सांगितलं असतं तर नोकरी काय करतो एवढंच सांगायचं होतं. आता बापाच्या पोटात काय घातलं ते सांगावं लागेल. त्यानंतर डबा उघडला की ती आपल्या छोट्या मुलीला, ओवीला, काही ना काही निमित्त काढून मागीलदारी नेऊ लागली. कमलाबाईंचा त्या दिवशी उपास होता म्हणून वाचल्या, आणि पुढे कवळीखाली पापड येईना म्हणून वाचत राहिल्या.

अण्णांना मात्र त्या पापडाने वेड लावलं. दुपारच्या चहाबरोबर एक, हा नियम झाला. डबा झोपाळ्याशेजारच्या कोनाड्यात आला. बागेत आलेल्या व्यापाऱ्याला, पोस्टमनला, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना अण्णा आवर्जून अर्धा मोडून देत. जपानी पापड आहे, आमच्या उन्मेषच्या बर्फवाल्या साहेबाने दिलाय, घ्या. गुरुजींनी खाऊन बोट चाटलं. उन्मेष त्या वेळी दारात उभा होता, तो आत निघून गेला. संपला डबा की अण्णा आठवण करत आणि इशिदासाहेब पुढच्या खेपेला नवा आणी. नाही मिळत म्हणायचं, असं उन्मेष दर वेळी ठरवायचा. आणि दर वेळी अण्णांच्या हातात डबा ठेवताना त्यांचा चेहरा बघून गप्प बसायचा. सत्तरी ओलांडलेला, जन्मात कशाची मागणी न केलेला माणूस एक पापड मागतोय.

कारखान्यात त्याचं दुसरंच बिनसत चाललं होतं. पूर्वी तो नमुना चावून थुंकायचा. एक दिवस थुंकायचं राहिलं. मग अधूनमधून राहू लागलं. संध्याकाळी भाट्याच्या पुलावर मोटारसायकल आली की उघड्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा, त्या वासाने त्याच्या पोटात ढवळायचं थांबलं आणि भूक लागायला लागली. त्याला भीती वाटली. नाक गेलं तर नोकरी गेली, आणि हे असं का होतंय ते कोणाला विचारायची सोय नव्हती. कारखान्यात तो किळस आल्याचा चेहरा करायचा, घरी बर्फवाल्याचा. खरा चेहरा घेऊन टेकावं अशी जागा त्या दोन्ही ठिकाणी नव्हती, आणि जायला तिसरं ठिकाण नव्हतं.

२००३ नंतर इशिदासाहेबाच्या कंपनीने माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली आणि डबे थांबले. उन्मेषने मोकळा श्वास घेतला. अण्णा दोन-चारदा विचारून गप्प झाले. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांचं पोट बिघडलं ते सावरेना, आणि जिभेची चवच गेली. वरणभात मातीसारखा लागतो म्हणायचे. कमलाबाईंनी लिंबाचं लोणचं, आमसुलाचं सार, मेतकूट, सगळं करून पाहिलं. घास तोंडात फिरायचा आणि ताटलीत परत यायचा. डॉक्टर म्हणाले, जे जाईल ते द्या, वजन फार उतरलंय. त्या संध्याकाळी कमलाबाईंनी उन्मेषला मागीलदारी गाठलं.

"तो पापड असता ना, तर भात गेला असता रे," त्या म्हणाल्या. "कुठूनही आण. तुझ्या पाया पडते."

आई असं म्हणते तेव्हा मुलाने काय करावं? इतके दिवस तो फक्त गप्प बसला होता. गप्प बसण्याची समजूत माणूस कशीतरी घालतो. आता त्याने हाताने केलं. त्याने भागोजीला गाठून विचारलं, की तुझ्या बायकोला तांदळाचे पापड करता येतात, त्यात सोड्यांची पूड घालून देईल का, चांगली वस्त्रगाळ करून. पाहुण्यांसाठी हवेत, असं सांगितलं. भागोजीने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, पण खोलात शिरला नाही. सोड्यांचा विषय निघाला तशी त्याची गाडी भलतीकडे वळली.

"आमच्यात बापाच्या वाडीत मासली नसली ना भाऊ, तर कावला ढुंकूनसुदा बघत नाय," तो म्हणाला. वाडी म्हणजे पितरांना दाखवायचं पान. "माजा बापूस सुरमयसाठी थांबलेला. पिंड तसाच. काकानं बंदरावरून तुकडी आनून ठेवली, तवा शिवला."

पितरांच्या पानावर मासा, या नुसत्या कल्पनेने उन्मेषच्या अंगावर काटा आला. इतकं होऊनही तो आठल्यांचाच मुलगा होता. पण पापड त्याने घेतले, जुन्या बगळ्याच्या डब्यात भरले आणि एका बाईंकडून करवून घेतले असं सांगून घरी आणले.

अण्णांनी एक चावला. थांबले. डोळे मिटून चावत राहिले. "जपान्यांपेक्षा हे बरे," म्हणाले. त्या दिवशी पापडाबरोबर वाटीभर मऊ भात गेला. कमलाबाई स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्याला लावून रडल्या. उन्मेष ताटलीकडे बघत राहिला. त्याला आनंदही झाला होता, आणि हाच तो आनंद आपल्याला जन्मभर छळणार हेही त्याला त्याच वेळी स्वच्छ दिसत होतं.

त्या पापडांवर अण्णांनी दिवाळी काढली. उन्मेष सांगायला दोनदा त्यांच्याजवळ बसला. एकदा कमलाबाई आल्या. एकदा कोणीच आलं नाही, तरी शब्द फुटला नाही. थंडी पडली तशी अण्णांनी अंथरूण धरलं. एका दुपारी तो डबा घेऊन बसला असताना अण्णांनी त्याचा हात मनगटाजवळ धरला.

"तू कधी खात नाहीस रे," ते म्हणाले. "आज खा. एक मला दे, एक तू घे."

उन्मेषने घेतला. बापलेक समोरासमोर बसून चावत होते, खोलीत दुसरा आवाज नव्हता. त्याला तो आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि ते लपवायला त्याने मान खाली घातली. अण्णा त्याच्याकडे बघत होते. त्यांनी नुसता हात थोपटला. अण्णांना माहीत होतं का? बर्फाचं, वासाचं, पापडाचं? तो थोपटणारा हात उन्मेषने नंतर हजार वेळा आठवून पाहिला, त्यातून उत्तर काही निघालं नाही. जानेवारीत अण्णा गेले.

दहाव्याचे विधी गावाखालच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी होते. घरून निघताना कमलाबाईंनी पुरणाची पोळी, खरवसाची वडी, आंब्याच्या साठाचा तुकडा असं सगळं बांधून दिलं होतं. आणि वेगळ्या कागदात, उन्मेषच्या हातात, दोन पापड. हे मात्र विसरू नकोस, म्हणाल्या. तो विसरला नव्हता. उघडा, मुंडण केलेला, ओल्या धोतरात तो पिंडासमोर बसला होता आणि कागदाची पुडी त्याने पंचाच्या घडीत खोलवर सारली होती. जिवंतपणी घातलं ते घातलं. पण मंत्र म्हटलेल्या पिंडावर, दर्भावर, पितरांच्या पंगतीत तो कोळंबी ठेवणार नव्हता. एवढी एक रेघ त्याने स्वतःसाठी आखून ठेवली होती.

पलीकडच्या ऐनाच्या झाडावर कावळे भरपूर होते. ओरडत होते, उडून पुन्हा बसत होते, खाली कोणी येत नव्हतं. गुरुजी म्हणाले, कोणाच्या मनात काही असेल तर बोला. धाकटे काका पुढे झाले, वहिनीची काळजी घेऊ म्हणाले. मामा म्हणाले, बाग विकू देणार नाही. कावळे बसूनच. ऊन वर चढलं, माणसं सावली बघून सरकू लागली. अजून थोडं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवू, असं गुरुजी हळूच म्हणाले. दर्भाचा कावळा म्हणजे अण्णा काहीतरी उरात घेऊनच गेले, असं गावात वर्षभर बोललं गेलं असतं, आणि कमलाबाईंनी ते जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

तेवढ्यात धाकट्या काकांनी विचारलं, "वहिनीने पापड दिले होते ना? ते ठेवलेस का?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. उन्मेषने काकांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मग त्याने पंचा सोडला, पुडी काढली, पापड पिंडाच्या शेजारी ठेवले आणि हात जोडले. ओठ हलले, आवाज बाहेर आला नाही. अण्णा, यात कोळंबी आहे. पहिल्या दिवसापासून होती. मी बर्फाच्या कारखान्यात नाही, कधीच नव्हतो. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला खाऊ दिलं. मलाही आवडतं, अण्णा.

तो मागे सरला नाही तोच एक कावळा उतरला. आधी पापड उचकटला, मग पिंडात चोच घातली. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला. माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला, धाकटे काका रडू लागले. बघा, जीव त्यातच अडकला होता, असं कोणीतरी म्हणालं. कावळा कशाला उतरला, कबुलीला की सोड्यांच्या वासाला, हे उन्मेषला सांगायला तिथे कोणी नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की ज्याला सांगायचं होतं त्याला सोडून बाकी सगळ्या जगासमोर तो उभा आहे.

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती. कमलाबाई पडवीत झोपाळ्यापाशी खाली बसल्या होत्या, चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निवळलेला. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"पापडातच जीव होता त्यांचा, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता वर्षश्राद्धाला, आणि दर वर्षी पक्षाला, त्यांच्या नावाने पापड पाहिजे. पिंडाशी ठेवायचा आणि ब्राह्मणांच्या पानातही वाढायचा. त्या बाईंना सांगून ठेव. मी असेन नसेन, तू मोडायचं नाहीस. वचन दे."

बाजूला गुरुजी उपरण्याने घाम पुसत उभे होते. उत्तम संकल्प आहे, म्हणाले, अण्णांच्या हातून मीही खाल्लाय तो, मोठा रुचकर.

उन्मेषने अपूर्वाकडे बघितलं. ती दारात ओवीला जवळ धरून उभी होती. तिने मान खाली घातली. त्याने आईच्या पसरलेल्या तळहातावर आपला हात ठेवला आणि "देतो," म्हणाला.

मग तो मागीलदारी गेला, आंघोळ केली, ओलं धोतर दगडावर काढून ठेवलं. कारखान्यात त्याने कितीतरी दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं. अपूर्वा आली, तिने धोतर उचललं, आणि ते मासळीच्या कपड्यांच्या त्या वेगळ्या बादलीत टाकलं.